कोनाड्यातला दीड दिवसाचा गणपती

शुक्रवार हा झोपायचा वार. आठवडाभर उन्हात हाडं शेकून झाल्यावर माणसानं शुक्रवारी मेल्यासारखं पडावं, हा कुवेतमधल्या आमच्यासारख्यांचा धर्म आहे. जलीबच्या आमच्या खोलीत सगळे हा धर्म पाळतात. एक गणपतभाऊ सोडून.

तो सकाळीच उठायचा, चहा करायचा आणि माझ्या पायाचा अंगठा धरून हलवायचा.

"प्रीतम, ऊठ रे. जाऊन येऊ."

"आज कुठं मरायचंय?"

"शुवैखच्या मागं एक मोडकी शेड हाय म्हणतात."

गाडी माझ्याकडे, म्हणून ही साडेसाती माझ्या राशीला. मी कंपनीची पिकअप चालवतो, चिपळूणचा. गणपतभाऊ राजापूरकडचा, प्लंबर, माझ्याहून चांगला दहा वर्षांनी मोठा. त्याच्यापायी मी या देशातली जेवढी पडकी घरं, बंद कारखाने आणि लष्कराची मोडकी ठाणी बघितली, तेवढी इथल्या माणसांनीही बघितली नसतील. बोटीत बसून फैलका बेटावर गेलो, तिथल्या गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंतींतून हिंडलो. आत कबुतरांची घाण, गुडघाभर वाळू, छतातून लोंबणाऱ्या सळ्या. वाळूत पाय ठेवताना जुन्या गाडीच्या चाकोरीवरच ठेवायचा, कारण लढाईतलं काय खाली पुरलेलं असेल याचा नेम नाही. गोरे लोक हौसेनं असल्या जागी कॅमेरे घेऊन येतात. आम्हाला कसली आलीय हौस? घामानं भिजून संध्याकाळी परत यायचं आणि भाऊनं एवढंच म्हणायचं, "ही नव्हे."

तो एक कारखाना शोधत होता. स्वतःच जिथं काम केलं तो कारखाना.

ऐकणाऱ्याला हसू येतं. मीही आधी हसलो होतो. पण विचार करा, एकवीस वर्षांचं पोर गावातून उठून इथं आलं. अंधारात बसमध्ये कोंबलं, अंधारातच परत आणलं. खिडक्यांना पडदे. पाटी अरबीत. आम्ही साइटला साइट म्हणतो, तिला आणखी काही नाव असतं हे कामगाराला कोण सांगतो? विटांची भट्टी होती, उंच धुराडं होतं आणि वारा आला की समुद्राचा वास यायचा, एवढाच त्याच्याकडे पत्ता. चार महिने झाले नाहीत तोच नव्वदच्या ऑगस्टात इराकची फौज कुवेतमध्ये शिरली. मालक पळाला. भट्टीवरची कोकणातली माणसं कारखान्यातच लपून राहिली, आणि त्यांच्यात भाऊचा मोठा भाऊ होता, राजन. गवंडी.

त्या गोंधळात गणेश चतुर्थी आली. आता बाहेर रणगाडे फिरतायत, पोटाला धड भाकर नाही, तर गप्प बसावं की नाही? पण कोकणी माणूस. चतुर्थीला गणपती नाही म्हणजे काय! राजनदादानं भट्टीच्या मातीचा वीतभर गणपती केला, पंपाच्या खोलीत भिंतीला छिन्नीनं कोनाडा पाडला आणि त्यात बसवला. सैनिकांना दिसू नये म्हणून पुढं पत्रा लावला. दीड दिवसाचा, घरच्यासारखाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. बगदादमार्गे जॉर्डनला माणसं नेणार होता. सगळे चढले. राजनदादा म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं. बसवलेला देव असा टाकून जाता येत नाय. संध्याकाळी टाकीत विसर्जन करतो आणि उद्याच्या गाडीनं येतो."

उद्याची गाडी आली. तिच्यात तो नव्हता. त्यानंतरच्या कुठल्याच गाडीत नव्हता.

गावी त्याची बायको, चंपावहिनी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बारा वर्षं झाल्यावर भटजींनी सांगितलं, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून घ्या. वहिनी म्हणाली, बघितल्याशिवाय मी कुंकू पुसणार नाही. गावानं तोंड सोडलं, तिकडं दुसरी केली असेल, सुखात असेल. ती कोणाला उत्तर द्यायला गेली नाही. भाऊ कुवेतला परत निघाला तेव्हा मात्र त्याला म्हणाली, "भावजी, ती जागा शोधा. कोनाड्यात गणपती हाय की नाय तेवढं बघा. गणपती नसला तर ह्यांनी विसर्जन केलं, म्हणजे आपल्या पायांनी बाहेर पडले. असला तर..."

त्या एका कोनाड्यासाठी हा माणूस शुक्रवारमागून शुक्रवार हिंडत होता. मला वाटायचं, आता नाही सापडणार. खरं सांगू? सापडू नये असंही वाटायचं.

आणि सापडला तो मलाच. मागच्या आठवड्यात वफ्राच्या एका शेतावर पाइप पोचवायला निघालो होतो. मोठा रस्ता खोदलेला, म्हणून समुद्राच्या अंगानं आतून वळवलं, तर पत्र्याच्या कुंपणामागं अर्धं तुटलेलं धुराडं दिसलं. बाजूला डंपर, बुलडोझर. रखवालदार हमजा, पेशावरकडचा म्हातारा, म्हणाला, "संडे से तोड़ना शुरू होगा." मी रात्री भाऊला सांगितलं. शुक्रवारी सकाळी पहिल्यांदाच मी त्याच्या पायाचा अंगठा हलवला, तर हा डोळे उघडे ठेवून पडलेला.

"पाय दुखतायत रे," म्हणाला.

"मग राहू दे."

"राहू दे कसं? चल."

हमजानं आधी हात हलवून नाहीच म्हटलं. भाऊनं त्याला मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. ऐकून म्हाताऱ्यानं आपली टोपी नीट केली आणि कुंपणाचा पत्रा बाजूला ओढला. "जल्दी आना भाई. मुदीर, बड़ा साब, आ गया तो मेरी नौकरी गई."

आत भट्ट्या ढासळलेल्या. एका भिंतीला नळांची रांग होती, पार गुडघ्याएवढी बुटकी. भाऊ तिथंच थांबला आणि हसला. "हे माझंच काम. घरच्या न्हाणीच्या मापानं लावले होते. बसून अंघोळ करायला. फोरमननं आईवरून शिव्या घातल्या होत्या."

पंपाच्या खोलीचं अर्धं छत खाली आलं होतं. रणगाड्याचा गोळा पडला होता तिथं, वेगळं सांगायला नको. सिमेंटची लादी एका बाजूला कलंडलेली, खाली दगडविटांचा ढीग. उरलेल्या भिंतीजवळ भाऊनं बूट काढले.

"अरे बाबा, काचा आहेत!" मी ओरडलो.

"देवाकडे जायचंय," तो म्हणाला आणि अनवाणीच पुढं गेला. तळव्यातून रक्त आलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. भिंतीला गंजलेला पत्रा टेकून उभा होता. त्यानं दोन्ही हातांनी तो धरला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मी म्हटलं, ओढ एकदाचा. त्यानं ओढला.

गणपती होता. वीतभर. सोंडेचं टोक गेलेलं, अंगावर धुळीचं पूट, पुढं तेलानं काळी पडलेली बाटलीच्या बुचाची पणती.

भाऊ रडला नाही. तो मागं वळून त्या लादीखालच्या ढिगाकडे बघत राहिला. एक वीट उचलली, बाजूला ठेवली. दुसरी उचलली. मग थांबला, कारण ती लादी क्रेननंच हलली असती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इतकी वर्षं या माणसाला शिव्या घातल्या त्याची मला लाज वाटली.

बाहेर हमजानं भाऊचा पाय बघितला, फडकं आणून बांधलं आणि ढिगाच्या दिशेनं दोन्ही हात उचलून दुवा मागितली.

गणपती भाऊनं पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतला. समुद्र जवळच होता. किनाऱ्यावर दोनचार कुटुंबं कोळसे पेटवून मांस भाजत बसलेली. माझा जीव टांगणीला. इथं मूर्ती घेऊन उघड्यावर फिरणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण. मी त्याच्या आणि त्या लोकांच्या मध्ये आडवा उभा राहिलो आणि तो कमरेइतक्या पाण्यात गेला. "मोरया" एवढंच ऐकू आलं. 'पुढच्या वर्षी' त्याच्या तोंडातून निघेना. कच्ची माती, पण विरघळायला वेळ लागला.

ओल्या कपड्यांनी तो गाडीत बसला आणि फोन लावला. स्पीकरवर, कारण हात ओले होते.

"वहिनी, जागा सापडली."

"मग?"

भाऊनं माझ्याकडे बघितलं. "कोनाडा रिकामा हाय."

मनात म्हटलं, शाब्बास! खोटंही नाही, आणि बाईचं कुंकू राहिलं.

वहिनी हळूच म्हणाली, "म्हणजे निघाले होते ते." आणि थोड्या वेळानं, "मग आले का नाय हो भावजी? माझं काय चुकलं होतं?"

मी फोन कापायला हात पुढं केला, त्यानं तो झटकला.

"वहिनी, मी खोटं बोललो. गणपती होता. मी आत्ताच विसर्जन केलं. छत पडलंय तिथं. दादा त्या खोलीतून बाहेर पडलाच नाय."

आता किंकाळी ऐकू येणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. किंकाळी आली नाही.

"गाव म्हणायचं दुसरी केली," वहिनी म्हणाली. "मी कुणाकडे बोलले नाय, पण मलापण तसंच वाटायचं. पस्तीस वर्षं मी त्या माणसावर रागावून होते हो. रोज कुंकू लावायचं आणि रोज मनात शिव्या घालायच्या." मग ती रडली, मोकळी, लहान पोरीसारखी. आम्ही दोघं बापये खाली माना घालून ऐकत राहिलो.

रडणं थांबल्यावर तिनं नाक ओढलं. पाठीमागं घागर ठेवल्याचा आवाज आला.

"ठेवा फोन भावजी. मला ह्यांच्या नावानं अंघोळ करायची हाय. तुम्ही पण करा."