परडीत पडलेली नोट

"तोंड झाक. फोटो काढायचाय."

असं म्हणत महिला पोलिसानं माझाच पदर माझ्या तोंडावर ओढला. तुळजापुरातल्या एका लॉजची खोली. हातात झांज तशीच. मी म्हटलं, का झाकू, मी काय केलंय? ती म्हणाली, तुझ्या भल्यासाठीच सांगते.

मावशीला भिंतीशी बसवलं होतं. तिला कुणी तोंड झाकायला सांगितलं नाही. तिचा फोटो उघड्या तोंडाचा निघाला. कारण ती आरोपी होती आणि मी पीडिता. हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

आम्ही आराधी. गळ्यात कवड्यांची माळ, हातात जोगव्याची परडी, तोंडात देवीची गाणी. लहानपणी मी मरता मरता वाचले, आईनं नवस केला होता, म्हणून माळ माझ्या गळ्यात आली. पुढं आई गेली. मावशीनं वाढवलं, बारावीपर्यंत शिकवलं. येरमाळ्याजवळ आमचं गाव. मंगळवारी आणि पुनवेला आम्ही दोघी एसटीनं तुळजापूरला जायचो. एखाद्या घरातल्या म्हातारीला पायऱ्या उतरवत नाहीत, मग ते लोक लॉजवरच बोलवायचे, दोन गाणी म्हणा म्हणून. आम्ही जायचो. त्यात वावगं काय असतं?

त्या दिवशी बोलावणारा माणूस कपाळाला कुंकू लावून आला होता. घरची मंडळी लॉजवर आहेत, गाणं म्हणायला चला, म्हणाला. मग मावशीला विचारलं, किती घेणार. ती जन्मभर जे म्हणत आली तेच म्हणाली.

"देवीला द्याल ते. आमी मागत न्हाय."

त्यानं माझ्याकडं बोट केलं. ही पण येणार ना? मावशी म्हणाली, "येणारच की. तिच्याबिगर कसं व्हईल?"

एवढंच बोलणं. पुढं पोलिसांच्या कागदावर तोच मला विकायचा सौदा झाला.

खोलीत मंडळी नव्हतीच. खालून येतायत, म्हणाला, आणि परडीत नोट टाकली. परडीला नाही म्हणायची रीत नाही. पडेल ते देवीचं. मावशीनं नोट कपाळाला लावली. मी झांज वाजवायला घेतली तोच दार उघडलं आणि बाहेरगावाहून आलेलं पोलिसांचं पथक आत घुसलं. नोटेचा नंबर त्यांनी आधीच लिहून ठेवलेला. नोटेला पावडर लावलेली. मावशीची बोटं कसल्याशा पाण्यात बुडवली, पाणी लाल झालं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. परडीत हात घालणाऱ्या बाईची बोटं बारा महिने हळदीकुंकवात असतात. पाणी लाल होणार नाही तर काय होणार?

मावशी सांगत होती, आम्ही गाणाऱ्या बाया आहोत. पथकाचा साहेब हसला. "तुमच्यात हे चालतंच. माळ घातली की रान मोकळं." माझी माळ काढून त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत टाकली. पुरावा म्हणून. मरणाची लाज वाटली मला, आणि लाज का वाटावी याचाच संताप आला.

मला एका संस्थेत ठेवलं. दाराला बाहेरून कुलूप, खिडकीला जाळी. तिथल्या मॅडम वाईट नव्हत्या, हे मुद्दाम सांगते. त्यांनी स्वतःच्या हातानं चहा दिला. तुझी सुटका झालीय बाळ, म्हणाल्या. मी विचारलं, मग घरी जाऊ? त्यांनी मान हलवली. घरीच तर धोका आहे तुला.

मी रडले तर म्हणायच्या, घाबरलीय. नाही रडले तर म्हणायच्या, निर्ढावलीय. ओरडले तर, मावशीनं पढवून ठेवलंय. खरं सांगायला माझ्याकडं तोंडच उरलं नव्हतं. पोलिसांनी निदान दरडावलं होतं. इथं मायेनं गळा दाबत होते.

मग जबाब आला, लिहून तयार. मावशीनं फसवून या धंद्यात आणलं, खाली माझ्या सहीपुरती जागा. सही केलीस की न्यायाधीशांपुढं उभं करतो, लगेच मोकळी. वर शिलाई मशीन देऊ. माझ्या घरी मशीन आहे. मावशीनंच घेऊन दिलंय.

तरी मी पेन हातात घेतलं होतं. खोटं कशाला बोलू? त्या जाळीनं जीव गुदमरत होता. सहज म्हणून विचारलं, आम्हाला बोलावणारा तो माणूस कुठल्या कोठडीत आहे?

मॅडम हसल्या. "अगं, तो आपलाच माणूस."

मी पेन खाली ठेवलं.

"तो तुमचा. मावशी माझी. म्या सही करणार न्हाय."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आलं नाही.

सही दिली नाही म्हणून तीन आठवडे आत राहिले. मावशीला जामीन त्याहून उशिरा मिळाला. गावात तो झाकलेल्या तोंडाचा फोटो आधीच पोचला होता. लुगड्यावरून सगळ्यांनी ओळखलं. बायकांनी माझ्याकडं ब्लाऊज शिवायला टाकणं बंद केलं.

केस चालू आहे. सरकारकडून मिळालेल्या वकीलबाईंनी नीट समजावलं. गुन्हा करणाऱ्यावर टपून बसणं वेगळं, आणि ज्याच्या मनातही नाही त्याला बोलावून गुन्हेगार करणं वेगळं. कायद्यालाही हा फरक कळतो, पण तो सिद्ध करण्यात वर्षं जातात. कबूल केलं तर मावशी थोडक्यात सुटेल, हेही त्यांनीच सांगितलं.

परवा कोर्टाच्या पायरीवर मावशी म्हणाली, "करू का गं कबूल? दमले म्या."

मी तिचा हात धरून तिला आत नेलं. आमच्या दमण्यानं त्यांना केस जिंकू द्यायची नाही, एवढं मी ठरवलंय. तो माणूस अजून एकाही तारखेला आलेला नाही. समन्स गेलंय. कागदावर तो 'बनावट ग्राहक' आहे, आणि त्यापुढं त्याचं पूर्ण नाव आहे. ते मी पाठ केलंय. तो येईल तेव्हा त्याला सगळ्यांसमोर सांगावं लागेल, की त्यानं आम्हाला गाणं म्हणायला बोलावलं होतं. ते त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी या कोर्टातून हलणार नाही.