दुसऱ्या मजल्यावरचं टेबल

अपंगांना तीनचाकी सायकल मंजूर करणारं सरकारी कार्यालय घाटकोपरला दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. मी बातमीसाठी गेलो, त्या दिवशी खात्याच्या नव्या संचालिका येणार होत्या. त्या आल्या आणि खालच्या पायरीवर बसलेल्या, पायाने अधू बाईशेजारी बसल्या. पदराने चष्मा पुसत त्यांनी विचारलं, “वर नाही जायचं?”

“भाऊ कामावर गेलाय. उचलणार कोण, तुम्ही? सही साहेबासमोरच लागते ना.”

तेवढ्यात साहेब धावत खाली आले. “मॅडम, हार वर ठेवलाय.”

“हार राहू दे. टेबल खाली आणा.”

“आत्ता?”

“मी बसलेय इथे.”

टेबल जिन्यात अडकत अडकत खाली आलं. बाईची सायकल तिथेच मंजूर झाली.

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेलो. संचालिकांची बदली झाली होती. टेबल खालीच होतं.