घोटभर दूध

जालन्याच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिवाळ्यात सरकीचा उग्र, किंचित गोडसर वास साचून राहतो. जिनिंगच्या पत्र्यांवरून उडालेले कापसाचे तंतू कडुनिंबांच्या फांद्यांना लटकतात आणि सकाळच्या तिरप्या उन्हात ती झाडे म्हातारी दिसू लागतात. त्या वासात मध्येच फिनेलची एक धारदार रेघ मिसळली, तेव्हा मी पत्ता विचारणे थांबवले. दवाखाना समोरच होता.

हैद्राबाद संस्थान विलीन होऊन काही वर्षे झाली होती. मी एका दैनिकाच्या कचेरीत बातम्या लिहीत असे आणि रजा काढून मंठ्याजवळच्या आमच्या गावी आलो होतो, कारण वडिलांचा ताप जात नव्हता. तो जायचा आणि परत यायचा. आठवडाभर अंगाची लाही, रात्री घामाने भिजलेले अंथरूण, मग चार-सहा दिवस थंडगार शांतता. घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकत असतानाच पुन्हा तीच हुडहुडी. वैद्यांचे काढे झाले, मंठ्याच्या हकीमसाहेबांच्या पुड्या झाल्या, कडू क्विनीन झाले. आबांच्या गळ्याची हाडे वर आली होती. पेरणीच्या वेळी पाभरीमागे दिवसभर चालणारा माणूस, खाटेवरून उठताना भिंत धरू लागला होता.

या दवाखान्याचा पत्ता मला मोटारीच्या ड्रायव्हरने दिला. ताप आणि पोटातल्या दुखण्यांसाठी दोन डॉक्टर म्हणे एकाच छपराखाली बसतात आणि अवघड रोगी दोघे मिळून बघतात. "एकाला कळत न्हाई म्हणून दोघं बसून राह्यले," असे म्हणून तो हसला होता. मीही हसलो होतो. आमच्याकडे एका डॉक्टरचे औषध चालू असताना दुसऱ्याकडे जायचे म्हणजे बाटली धोतराच्या सोग्यात लपवून न्यावी लागे.

थोरले डॉक्टर पन्नाशीचे, संथ बोलणारे. त्यांनी आबांना समोर बसवून विचारले, काय होतंय. आबांनी डोळे मिटले आणि उजवा हात पुढे केला. आमच्या भागातली ही जुनी रीत. नाडीवर बोट ठेवणाऱ्याने दुखणे ओळखायचे असते. रोग्याने ते आधीच सांगून टाकणे म्हणजे त्याच्या विद्येचा अपमान, आणि पुन्हा परीक्षाही राहून जाते.

"काय त्रास होतो, आबा?"

"तुम्हीच सांगा."

डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती ऐकली, पोट चाचपले, पाठीच्या मणक्यांवर बोटे टेकवत खाली आणली. मग शेजारच्या खोलीतून दुसऱ्या, तरुण डॉक्टरांना हाक मारली, माझ्याकडून कळलेला ताप, काढे आणि हकीमसाहेबांच्या पुड्या त्यांच्या कानावर घातल्या आणि आमच्यादेखत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मला नीट उमगत नाही. तू बघ."

मला धक्का बसला. अधिकारपदावरच्या किती माणसांचे बोलणे मी तोवर टिपून घेतले होते. हे वाक्य त्यांत एकदाही आले नव्हते. आबांनी तर पटका उचलून डोक्यावर ठेवला.

"चल रे. ह्यायलाच ठावं न्हाई, मंग आपल्याला काय सांगतेत."

"हकीमसाहेबांना बराबर ठावं होतं ना, आबा?" तरुण डॉक्टर म्हणाले. "मंग ताप कामून गेला न्हाई?"

आबा थांबले. पटका काढून मांडीवर ठेवत ते पुन्हा बसले.

"खाता काय?"

"भाकर जात न्हाई. शेळीचं दूध घेतो, दोन्ही वक्त. धारोष्ण." या शब्दाशी त्यांच्या आवाजात थोडा ताठरपणा आला. दारच्या शेळ्या, आणि काढल्याबरोबर फेसासकट ओठाला लावलेले दूध. त्यावरच आपण तगून आहोत, ही त्यांची खात्री होती.

"तापवून न्हाई घेत?"

"तापवल्यावर त्यात काय राह्यलं?"

दोघा डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिले. मग तरुण डॉक्टरांनी विचारले, "शेळ्यांनी गाभ टाकला का कधी?"

आबांचे डोळे पूर्ण उघडले. "टाकला. दोघींनी, लागोपाठ. तुम्हाला कोणं सांगितलं?" नाडीला हात न लावता या माणसाने आमच्या गोठ्यातले ओळखले होते.

थोरल्या डॉक्टरांनी ते सावकाश समजावले. शेळ्यांना एक रोग असतो, तो कच्च्या दुधातून माणसात उतरतो आणि असाच येत-जात राहतो. रक्त हैद्राबादला तपासायला जाईल. पण संशय दाट आहे, औषध आजच सुरू करू. बरे व्हाल. दूध मात्र उकळी आल्याशिवाय तोंडाला लावायचे नाही.

म्हणजे ज्या पेल्याने आम्ही त्यांना जगवत होतो, तोच दर वेळी ताप परत आणत होता. मी भिंतीवरच्या उन्हाच्या चौकोनाकडे बघत राहिलो. बाहेर कापसाच्या गाड्यांची चाके करकरत होती.

"घरात ते दूध आणखी कोण पितं?" आम्ही निघताना थोरल्या डॉक्टरांनी विचारले.

"कोणी न्हाई. मी एकटाच," आबा म्हणाले. दाराशी पोचल्यावर त्यांनी चौकट धरली. माझ्याकडे न बघता बोलले, "पेल्यात घोटभर ठेवत असतो. तुझ्या मायसाठी."

नवऱ्याने ठेवलेले बायकोने घ्यायचे, ही घराघरातली रीत. पण आबांच्या अबोल संसारात बायकोसाठी म्हणून केलेली, मला दिसलेली तेवढी एकच गोष्ट होती. आणि मला आठवत गेले: जात्यावरून उठताना मायचा कमरेवर जाणारा हात, भर दुपारी पांघरलेली वाकळ, सकाळी वाळत घातलेले घामाने ओले लुगडे. आम्ही त्याला जागरण म्हणत होतो. एका रोग्यासाठी आम्ही वैद्य, हकीम, डॉक्टर पालथे घातले होते, आणि दुसरा रोगी त्या पहिल्याची उशी सारखी करत होता.

घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. माय धार काढून पेला घेऊन आली. फेस अजून फुटत होता.

"काय म्हनले डॉक्टर?"

आबांनी पेला घेऊन चुलीपाशी ठेवला. "बैस हितं. हात दे."

"मला काय धाड भरली?" ती म्हणाली, पण बसली. आबांनी तिच्या मनगटावर हकीमसाहेबांसारखी बोटे ठेवली. इतक्या वर्षांत त्यांनी तिचा हात कोणासमोर धरलेला मी पाहिला नव्हता. त्यांना नाडीतले काहीच कळत नव्हते. बोटे तिथेच राहिली.

"मला उमगत न्हाई," ते शेवटी म्हणाले. "उद्या जालन्याला जाऊ."

"अन् शेळ्यायची धार कोण काढील?"

चुलीशेजारी पेल्यातला फेस हळूहळू खाली बसत गेला.