पॅनलमधलं खोबरं

यंत्राची पूजा करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. माझ्या आईनं माझ्या पहिल्या लॅपटॉपला कुंकू लावलं होतं आणि ते कीबोर्डात गेलं तेव्हा मी दातओठ खाऊन गप्प बसलो होतो. पण कुंकू आपणच लावलं, हे आई कधी नाकारत नव्हती. माझा राग आहे तो नाकारणाऱ्यांवर.

जिनिंग मिलमधल्या स्वयंचलित यंत्रणा दुरुस्त करणं हे माझं काम. यवतमाळला एक खोली, खाली मोटारसायकल, पाठीवर बॅग; केळापूरपासून दारव्ह्यापर्यंत जिथं प्रेस अडेल तिथं मी. सरकी काढलेली रुई दाबून तिची गाठ बांधते ती प्रेस. आता ती पॅनलमधल्या संगणकावर चालते. पॅनल म्हणजे पत्र्याचं कपाटच, आणि त्याचं दार बंद ठेवा, हे सांगण्यात माझा निम्मा जन्म गेला.

दसरा होऊन गेल्यावर दारव्ह्याकडच्या एका मिलमधून फोन आला. हंगाम नुकता सुरू झालेला, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि प्रेस बंद. शेठ फोनवरच म्हणाले, "ऑपरेटरनं वाट लावली मशीनची. मी त्याले येऊ नको म्हणून सांगून देल्लं."

तो ऑपरेटर मला चांगला माहीत होता. प्रेस बसवली तेव्हा मीच त्याला शिकवलं होतं. पन्नाशी ओलांडलेला, बौद्ध, कमी बोलणारा माणूस. पॅनलची चावी करदोट्याला बांधून फिरायचा. वर्षातून एकच रजा हक्कानं मागायचा, दसऱ्याची. त्या दिवशी घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून गेला होता, तेव्हापासून त्यात खंड नव्हता. मिलमध्ये यंत्रपूजा नेमकी त्याच दिवशी. म्हणून आदल्या दिवशी तो चावी शेठच्या हातात देऊन निघायचा.

मी पोचलो तेव्हा तो फाटकाजवळच्या ओट्यावर बसला होता. येऊ नको म्हटलं तरी कामाचे कपडे घालून आला होता. "मी काईच केलं नाई साहेब," एवढंच म्हणाला.

पॅनल उघडलं आणि नासक्या खोबऱ्याचा आंबूस वास नाकात गेला. आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर चिकट थर वाळला होता, वायरींवर मुंग्या लागल्या होत्या आणि खालच्या कोपऱ्यात बुरशी आलेला खोबऱ्याचा तुकडा अडकला होता. बाहेर गाठीवर नजर ठेवणाऱ्या सेन्सरच्या डोळ्यावर कुंकवाचा जाड टिळा. बिचाऱ्या सेन्सरला काही दिसतच नव्हतं.

शेठ मागे पान चघळत उभे होते. "पूजेले सारे होते साहेब, हाच नव्हता," म्हणाले आणि पुरावा म्हणून मोबाइलमधला फोटो दाखवला. फोटोत पॅनलची दोन्ही दारं सताड उघडी, वायरींच्या जुडग्यावर झेंडूची माळ, आणि नवे कपडे घातलेले खुद्द शेठ आतल्या चौकटीवर नारळ हाणताहेत.

"दार का उघडलं?" मी विचारलं.

"आतल्या मेंदूले पूजा नोको काय?"

"मग शेठ, आत गेलं ते पाणी तुमच्याच नारळाचं आहे."

ते हसले. "नारळानं कुठं मशीन बिघडते काय? ज्याले पूजेचं वावडं, त्याचा हात लागला का बिघडते." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून आवाज खाली आणला. "तुमी त आपलेच. तुमाले काय सांगाचं."

माझं आडनाव त्यांनी आधीच तोलून पाहिलं होतं. त्या हाताची मला किळस आली. अजूनही येते.

मी ऑफिसला फोन लावला. आमचे साहेब म्हणाले, "ओलाव्यानं कार्ड गेलं एवढंच सांग. बाकीच्या भानगडीत पडू नकोस." ओलावा. कुणाचा, कुठून आला, काही विचारायचं नाही.

माझं डोकं फिरलं. तो खोबऱ्याचा तुकडा तळहातावर घेऊन मी प्रेसपाशी गेलो. मुकादम, हमाल, दिवाणजी सगळे तिथं होते. ऑपरेटरलाही आत बोलावलं. चिडलो की माझी पुस्तकी भाषा गळून पडते. "शेठ, कार्ड तुमच्या नारळानं गेलं. हा मानूस इथं असता त त्यानं तुमचा हात धरला असता. नव्हता म्हनून हे झालं."

एक हमाल तोंड फिरवून हसला. मला अगदी मैदान मारल्यासारखं वाटलं.

शेठ पान चघळत राहिले. माणूस मूर्ख नव्हता. बाहेर गाड्या खोळंबल्या होत्या आणि प्रेस चालवणारा दुसरा कुणी नव्हता. "बरोबर बोलले साहेब," ते म्हणाले. "हा असता त झालं नसतं." मग ऑपरेटरकडे वळले. "ये कामावर. पन आता दर दसऱ्याले तू इथंच पाह्यजे. पूजा होवोस्तर पॅनलपाशी उभं राहाचं. साहेबच म्हनून राह्यले."

"तसं नाही म्हटलं मी," मी घाईनं म्हणालो. "पॅनलला कुलूप लावून त्याला जाऊ द्या, बाहेरून करा पूजा."

"मशीनची पूजा, अन् मशीनलेच कुलूप?"

मुकादमानं मान डोलावली. मघाशी हसलेल्या हमालानंही डोलावली. नोकरी वाचली होती, बाकी कुणाला काही खटकत नव्हतं.

मी कार्ड बदललं, सेन्सर पुसला. प्रेस सुरू झाली. ऑपरेटरनं शेठकडून चावी घेतली आणि करदोट्याला बांधली. मी त्याच्याजवळ जाऊन म्हणालो, "मी पुन्हा बोलतो शेठशी."

"राहू द्या साहेब. तुमी लय बोलले."

त्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. पहिली गाठ बाहेर पडेपर्यंत तो बटणांकडेच पाहत होता. मग म्हणाला, "औंदा नातीले पयल्यांदाच नेलतं नागपूरले. पुढच्या सालीबी आजासंगंच जाईन म्हनते ते. आता तिले काय सांगाचं, तेवढं तुमीच सांगून द्या."