टपावरची पाटी

वडिलांची स्वतःची होडी नव्हती, जाळंही नव्हतं. दुसऱ्याच्या रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढायला हात लावायचा आणि वाट्याला येतील ते बांगडे घरी आणायचे. ते आई मालवणहून कुडाळच्या बाजारात नेऊन विकायची. त्यावर आमचं घर चालायचं, आणि माझं रत्नागिरीचं कॉलेजही.

आज जुन्या एस.टी. गाडीच्या आठवणी काढणारे पुष्कळ भेटतात. तिचं पुढे आलेलं नाक, रबरी भोंगा, हँडल मारून सुरू होणारं इंजिन. डोळे मिटून सांगतात. त्या गाडीचं मागचं बाकडं कोणासाठी असायचं, हे मात्र कोणाला आठवत नाही. ते कोळणींचं होतं. माशांच्या पाट्यांवर ओलं गोणपाट टाकून क्लीनर त्या टपावर दोरीने आवळायचा. खिडकीवरून पाणी गळायचं, लोक काच ओढून घ्यायचे, आणि गाडी चालायची.

मग त्या गाड्या गेल्या आणि गादीच्या बाकांच्या नव्या आल्या. टप होता, शिडी होती. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या तेव्हा कळलं, पाटी तेवढी नको होती.

"मासळी चढणार नाही. प्रवाशांची तक्रार आहे," कंडक्टर म्हणाला. "पाटी ठेवा आणि तुम्ही बसा."

"पाटी हंय ठेवून थंय काय इकू? तुजी टोपी?" आई म्हणाली.

तक्रार केली होती कुडाळच्या एका वकिलाने. आमचंच गिऱ्हाईक. आईकडून निवडून निवडून बांगडे घ्यायचा. यांना ताटातला मासा चालतो, डोक्यावरचा चालत नाही. मला आजही या गोष्टीचा संताप येतो.

कुडाळ काही चालत गाठायचं अंतर नव्हे. आई वाटेवरच्या चौके गावची चढण चढून वाडीवाडीत विकू लागली. उरलेलं संध्याकाळी नासायचं. गणपतीला मी घरी आले तर तिचे पाय सुजलेले. वडील म्हणाले, "आता कॉलेज पुरे गो बाय. आवस तुजी चलून चलून मरतली."

गणपती पोचवल्यावर कुडाळात घरोघर माशांची वाट बघतात, हे आईला पक्कं ठाऊक होतं. तिने वाडीतल्या बायकांना गोळा केलं. त्यांनी आलेले बांगडे कुडाळच्या दलालालाही न देता जागच्या जागी खारवून टाकले. कुडाळात एक शेपटी गेली नाही.

दोन-तीन दिवसांनी वकीलसाहेब स्वतः मालवणला आले. बंदरावर एका होडीवाल्याकडून मासे घेतले, पिशवीत घातले आणि परतीच्या गाडीत जाऊन बसले. पिशवी बाकाखाली. ते आल्याचं कळताच आम्ही सगळ्या बायका स्टँडवर जमलो होतो. आई खिडकीशी गेली.

"खंय चाललास, वकीलसायब? पिशयेत काय, अबोलीची फुलां?"

गाडीत हसू पसरलं. पिशवीतून पाणी वाहत कंडक्टरच्या बुटापर्यंत आलं होतं. आई त्याच्याकडे वळली. "तेंका उतरव, नायतर आमच्यो पाट्यो चढव."

बायका गाडीपुढे उभ्या राहिल्या. वकील काही उतरेना. शेवटी कंडक्टर स्टँडच्या कचेरीतल्या साहेबाकडे गेला, बराच वेळ बोलला आणि परत येऊन खाली बघत म्हणाला, "टपावर ठेवा. गोणपाट नीट घाला."

दुसऱ्या दिवसापासून पाट्या टपावरून कुडाळला जाऊ लागल्या. मी रत्नागिरीला परत गेले आणि बी.ए. झाले. आमच्या वाडीत तोवर कोणी झालं नव्हतं.