धाडसी विद्यार्थिनीचा सत्कार

आमच्या कोल्हापुरात सत्काराला कारण लागत नाही, माणूस लागतो. पोरगं दहावी पास झालं, सत्कार. नापास होऊन पुन्हा पास झालं तर त्याहून मोठा सत्कार, चौकात डिजिटल फलक लावून. पूर्वी मला याचं हसू यायचं. आता किळस येते.

मी शाळांमधून समुपदेशक म्हणून काम करते. त्या शाळेत मला दिलेली खोली म्हणजे लेझमी आणि फुटके कॅरम ठेवायची जागा. तिथे नववीतली एक मुलगी दर मंगळवारी यायची. वर्गात कुणी वळून बघितलं तरी तिचा श्वास अडकायचा, हात थरथरायचे. त्यापायी तिनं वर्गात बसणंच सोडलं होतं. आई तिला फक्त माझ्याकडे आणून सोडायची. पहिल्याच भेटीत तिनं अट घातली, "मॅडम, ह्यातलं कुणाला कळायचं न्हाय." मी शब्द दिला. पावसाळा सरला, थंडी पडली, तशी ती हळूहळू शेवटच्या बाकावर येऊन बसायला लागली. एकदा तर हजेरीला 'हजर' म्हणाली. त्या दिवशी मी गुणगुणत घरी गेले.

तिची आई भोळी. लेक सुधारली म्हणून हरखून मुख्याध्यापकांना पेढे द्यायला गेली आणि सगळं सांगून बसली. त्या माउलीला काय बोलायचं? पण मुख्याध्यापकांना स्नेहसंमेलनात पुढारी पाहुण्यांच्या हस्ते करायला 'काहीतरी वेगळं' हवंच होतं.

मला कशाचाच पत्ता नव्हता. संमेलनाला गेले, तर फाटकावर फलक: 'मानसिक आजारावर मात करणाऱ्या धाडसी विद्यार्थिनीचा जाहीर सत्कार'. खाली तिचा ओळखपत्रावरचा फोटो, वर पाहुण्यांचा, चौपट मोठा. मी धावत मुख्याध्यापकांना गाठलं. "सर, थांबवा हे. तिला सोसायचं नाही."

"अवो मॅडम, पोरीचं कौतुकच करतोय की! मारतोय व्हय?"

तोवर तिचं नाव पुकारलं गेलं होतं. दोन शिक्षिकांनी तिला दंडाला धरून व्यासपीठावर आणलं. पाहुण्यांनी शाल घातली, नारळ दिला आणि तिच्या तोंडासमोर माईक धरला. "बोल की पोरी! कशी बरी झालीस सांग! भ्यायचं न्हाय!" तिला श्वास घेता येईना. पोरांना वाटलं लाजतेय, त्यांनी शिट्ट्या मारल्या. फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा हसा." मारकुटे मास्तर मी खूप बघितलेत, पण इतकी हसरी निर्दयता कधी बघितली नव्हती.

तिला सावरायला मी व्यासपीठावर चढले. तसा सूत्रसंचालक दुसऱ्या माईकवरून ओरडला, "आणि ज्यांनी ही किमया केली, त्या आपल्या मॅडम!" मागून कुणीतरी माझ्याही खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ कोंबला. मी नको नको म्हणत होते, ते टाळ्यांत कुणाला ऐकू जाणार?

ती माझ्याकडे बघत होती. माझ्या अंगावरच्या शालीकडे, मग हातातल्या नारळाकडे. जरासा श्वास मिळाला तशी म्हणाली, "तुमीच सांगितलासा व्हय, मॅडम?"

माईक तिच्या तोंडासमोरच होता. सगळ्या पटांगणानं ऐकलं. आणि पोरगी शेवटी बोलली म्हणून लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.