जत्रेत खाली ठेवलेली पोर

गिरधर रेवजी पाटील हा माणूस तुम्ही पाहिला असता, तर दुसऱ्यांदा वळून पाहिला नसता. प्रकाशा गावापासून तापी नदीच्या काठाकाठानं गाडीवाट जाते, त्या वाटेवरच्या गावातला. कापूस करणारा, केळीची चार खोडं लावणारा, कमी बोलणारा. बैलांची शिंगं रंगवताना जीभ बाहेर काढायची सवय. गावात त्याच्याबद्दल कोणी वाईट बोलायचं नाही, आणि खरं सांगायचं तर चांगलंही मुद्दाम कोणी बोलायचं नाही. अशी माणसं गावोगाव असतात, त्यांच्या जिवावर गावं चालतात, आणि मेल्यावर त्यांच्या नावानं एक बांध सुद्धा ओळखला जात नाही. तर अशा या गिरधरच्या आयुष्यात एकच दिवस सांगण्याजोगा आला, आणि तोही त्यानं स्वतःच्या हातानं मातीत घातला.

आधी रीत सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस वेडा होता. त्या काळी आमच्याकडे असं होतं, की घरात आपला बाप बसलेला असताना आपलं लेकरू आपण उचलायचं नाही. पुतण्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवा, कोणी हूं म्हणणार नाही. पण पोटची पोर रडून निळी पडली तरी तिच्याकडे हात केला, की ओसरीवरून खाकरण्याचा आवाज यायचा. बायकोवर आणि लेकरावर माया आहे हे चारचौघांत दिसणं म्हणजे माणूस वाया गेला. आज्यानं मात्र नातवंडांचे खुशाल मुके घ्यावेत, त्याला मुभा. ही रीत कोणी काढली देव जाणे. ज्यानं काढली त्याला जन्मभर लेकरू झालं नसावं.

गिरधरची पोर तापी. तिसऱ्या वर्षात होती. इतरांचं ऐकून बापाला ‘भाऊ’ म्हणायची, आणि हा भाऊ आपला कोण लागतो हे तिला धड ठाऊकही नव्हतं. आज्याच्या, म्हणजे रेवजीआबांच्या, मांडीवर जेवायची, आजीच्या कुशीत झोपायची. गिरधर शेतातून यायचा तेव्हा ती अंगणात खेळत असायची, आणि हा बैल सोडता सोडता डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला बघून घ्यायचा. एवढंच.

साल एकोणीसशे त्रेपन्न. गजराबाई, म्हणजे गिरधरची बायको, दुसऱ्यांदा बाळंत झाली होती आणि तापी खोलीच्या दारात बसून ‘माय, माय’ करून घर डोक्यावर घेत होती. त्याच आठवड्यात सारंगखेड्याची दत्ताची जत्रा भरली होती. रेवजीआबांचा गुडघा सुजलेला, म्हणून त्यांनी गिरधरला सांगितलं, की तू जाऊन जोडीला लागेल असा बैल पाहून ये. झालं. पहाटे गाडी जुंपली, तर त्याची आई नर्मदाबाई गोधडीत गुंडाळलेली तापी घेऊन बाहेर आली आणि तिनं ती सरळ गाडीत ठेवली.

“लई जा हिले. बाळंतीणले जराशी झोप लागू दे.”

“मी एकला?”

“एकलाच. पोर शे, वाघ नही.”

गिरधरनं ओसरीकडे पाहिलं. आबा अजून उठले नव्हते. त्यानं बैलांना इशारा केला आणि गाडी गावाबाहेर काढली.

पहिले कोसभर तो घाबरलेला होता. पोर जागी झाली, आजूबाजूला पाहिलं, आणि ओठ काढून रडायच्या बेतात आली. आता हिला काय सांगावं? त्याला काही सुचेना, म्हणून तो बैलासारखा हंबरला. तापी थांबली. पुन्हा हंबरला. ती हसली. मग सूर्य वर येईपर्यंत हा शहाणासुरता बाप्या गाडीत बसून हंबरत होता, आणि खरे बैल कान टवकारून मागे बघत होते.

वाटेत तिला परसाकडे लागली. ते काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. नदीच्या थंडगार पाण्यानं धुतलं तर पोरीनं अशी किंकाळी फोडली, की पलीकडे धुणं धुणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्यानं नवं उपरणं काढून तिला पुसलं आणि छातीशी धरलं. तिच्या अंगाला दुधाचा आणि धुराचा वास येत होता. आपल्या लेकराचा वास कसा असतो हे त्याला त्या दिवशी कळलं.

“भाऊ नको म्हनू,” तो तिच्या कानात म्हणाला. आजूबाजूला कोणी नव्हतं तरी त्याला लाज वाटली. “बा म्हन. बा.”

तापीनं त्याच्या मिशीला हात लावला.

जत्रा म्हणजे काय विचारता. घोडेच घोडे, दूरदूरच्या व्यापाऱ्यांचे, गळ्यात घुंगुरमाळा घातलेले. गोडीशेवेचे ढीग, जिलेबीच्या कढया, तंबूतला सिनेमा, दत्ताच्या दारी नारळांचा खच. गिरधरनं बैल पाहिले, पण कसे पाहिले? एका हातानं बैलाचा जबडा उघडायचा आणि दुसऱ्या हातावर पोर. तिला पण बैलाचे दात दाखवायचा. व्यापारी हसायचे, त्याला काही वाटायचं नाही. इथं ओळखीचं कोण होतं? त्यानं तिला गोडीशेव घेऊन दिली, लाकडी भिंगरी घेऊन दिली, डोक्याला झालरीचं टोपडं घेऊन दिलं. दुपारी ती त्याच्या खांद्यावरच झोपली. ती उठेल म्हणून हा घोड्यांच्या बाजारात एका जागी उभा राहिला. पाय भरून आले, उन्हं कलली, एका व्यापाऱ्यानं तीनदा येऊन विचारलं, की पाटील, हीच घोडी आवडली का. गिरधर नुसती मान हलवायचा. आयुष्यात इतकं सुख त्याला कधी झालं नव्हतं, आणि ते त्याला कळतही होतं.

ती उठल्यावर त्यानं तिला पाळण्याकडे नेलं. मोठा लाकडी पाळणा, चार पेट्यांचा, दोन गडी हातानं ढकलून फिरवायचे. गिरधर पेटीत बसला, तापी मांडीवर. पाळणा वर गेला तशी तिनं त्याची बंडी मुठीत घट्ट धरली. वर गेल्यावर नदी दिसली, राहुट्या दिसल्या, माणसं मुठीएवढी झाली. खाली येताना ती ओरडली नाही. खिदळली. आणि दुसऱ्यांदा वर गेल्यावर म्हणाली,

“बा, अजून.”

बघा, पोरीनं सकाळचं ध्यानात ठेवलं होतं. गिरधरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या पाण्यातूनच त्याला खाली गर्दीत आबांचा फेटा दिसला.

आबांना घरी करमलं नव्हतं. गुडघा दुखो नाहीतर मोडो, जत्रा चुकवायची म्हणजे काय? शेजारगावच्या धुडकू पाटलाची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, निघाली होती, तिच्यात बसून ते आले होते. आणि हा धुडकू पाटील म्हणजे पंचक्रोशीतली तलवार. त्याच्या तोंडी सापडलेल्या माणसाचं नाव पार लग्नकार्यापर्यंत चघळलं जायचं. दोघं सरळ पाळण्याकडे येत होते. पाळणा वर गेला की ते दिसायचे, खाली आला की गर्दीत हरवायचे, पुन्हा वर गेला की आणखी जवळ आलेले असायचे. मांडीवर पोर घेऊन आभाळात बसलेला माणूस लपणार कुठे? गिरधरनं ढकलणाऱ्या गड्यांना हाका मारल्या, थांबवा रे, थांबवा. पोर खिदळतच होती.

पाळणा थांबला. गिरधर उतरला आणि त्यानं तापीला खाली ठेवलं. नुसतं खाली ठेवलं नाही. तिनं बंडी धरली होती, तिची बोटं त्यानं सोडवली. मग दोन पावलं पुढे होऊन फेटा सावरत उभा राहिला, जणू हा इथं बैलच बघत होता.

“काय रे गिरधर,” धुडकू पाटील म्हणाला, “म्हातारपनमा पाळनामा बसाले लागना का? आनि ही पोर कोनी?”

“घरनी शे,” गिरधर म्हणाला.

माझी आहे म्हणायची पद्धतच नव्हती. घरची म्हणायचं. पण आज सकाळपासून तो जे काही झाला होता, ते या दोन शब्दांत संपलं. मागून तापीनं दोन्ही हात वर केले होते. “बा,” ती म्हणाली. “बा, उचल.” गिरधरला ऐकू आलं. त्यानं मान वळवली नाही. तो आबांना बैलाबद्दल सांगू लागला; काळ्या तोंडाचा एक आहे, खांदा भरलेला आहे, चालीला बरा आहे. आबा ऐकत होते. धुडकू पाटील मिशीत हसत होता.

बैलाचं सांगून होईतो मागे पोर नव्हती.

पुढचं काय सांगावं. गिरधर त्या जत्रेत कसा धावला हे ज्यांनी पाहिलं त्यांना वाटलं असेल, याचं कोणी मेलं. घोड्यांच्या पायांत पाहिलं, नदीच्या उतारावर पाहिलं, भट्ट्यांच्या मागे पाहिलं. ‘तापी, तापी’ ओरडत होता, तर लोक नदीकडे बोट दाखवत होते. आबाही गुडघा ओढत मागून येत होते, आणि धुडकू पाटील आता हसत नव्हता. शेवटी एका फुटाण्या-मुरमुऱ्याच्या पालाशी झालरीचं टोपडं दिसलं. नानीबाई नावाची म्हातारी तिथं बसायची, तिच्या मांडीवर पोर होती. रडून रडून गप्प झालेली.

गिरधरनं हात पुढे केले. तापीनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हातारीच्या लुगड्यात तोंड खुपसलं.

नानीबाईनं पोर आवळून धरली. जत्रेत पोरं पळवणारे असतात, बाईचं काही चुकलं नाही. “तू कोन तिन्हा?” तिनं विचारलं.

गिरधरच्या मागे आबा येऊन उभे राहिले होते. “घरनी पोर शे आमनी,” तो म्हणाला.

“घरनी शे, मंग तुन्हाकडे कशी काय येत नही? बाप शे का तू हिन्हा?”

एक ‘हो’ म्हणायचं होतं. त्यात मोडणार काय होतं? पण बापासमोर, परक्या पाटलासमोर, भर बाजारात, आपण बाप आहोत हे त्याच्या तोंडून निघेना. आणि पोर तर त्याच्याकडे बघतही नव्हती.

“मन्ही नात शे, माय,” आबा पुढे होऊन म्हणाले. तापीनं डोकं वर काढलं, आबा दिसले, आणि तिनं दोन्ही हात वर केले. आबांनी तिला उचललं, सगळ्यांदेखत तिचे मटामटा मुके घेतले, खांद्यावर बसवलं. नानीबाईची खात्री पटली. तिनं मूठभर फुटाणे पोरीच्या हातात दिले. गिरधर मागे उभा राहून उपरण्यानं तोंड पुसत राहिला.

संध्याकाळी आबा गिरधरच्याच गाडीत बसले आणि गावात शिरताना तापी त्यांच्या खांद्यावर होती. बायका विचारायला आल्या, पोर कोणाबरोबर गेली होती? नर्मदाबाईनं लेकाचं उतरलेलं तोंड पाहिलं. बायको बाळंत आणि नवरा पोर काखेला मारून जत्रा फिरला, हे गावाला कळलं तर हसं होईल, म्हणून तिनं सांगून टाकलं की आबाच घेऊन गेले होते. आत खोलीत गजराबाईलाही तेच सांगितलं. आबांनी ते तसंच चालू दिलं. गिरधर बैल सोडायला गेला.

त्यानंतर तापीनं बापापुढे कधी हात वर केले नाहीत. ‘बा’ म्हणणंही तिथंच राहिलं, पुन्हा भाऊ. ती वागायला चांगली होती हो, पाणी द्यायची, भाकर आणून द्यायची, पण दोन हात लांबून. रात्री पडल्या पडल्या गिरधरला तिची बोटं आठवायची, बंडीवरून त्यानं सोडवलेली. उद्या उचलीन, असं तो कितीदा ठरवायचा. सकाळी आबा ओसरीवर बसलेले असायचे. असं करता करता पोर परकर सोडून लुगडं नेसू लागली. आबा वारले तेव्हा ती मायबाप मेल्यासारखी रडली. लग्नात पाठवणीच्या वेळी आईच्या, आत्याच्या, शेजारणींच्या गळ्यात पडली, आणि गिरधरच्या पुढे वाकून पाया पडली. त्यानं हात उचलला तोवर ती गाडीत बसली होती.

एकोणसत्तर साली आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला, ती माहेरी आली, कडेवर दीड वर्षाचा पोरगा घेऊन. आता गिरधर आजा झाला होता, त्याला मुभा मिळाली होती. नातवाला त्यानं खाली ठेवलाच नाही. खांद्यावर बसवून अंगणात हंबरत फिरत होता. नर्मदाबाईही तोवर गेली होती. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, गजराबाई खापरावर मांडे करत होती, आणि तापी उंबऱ्यात बसून बापाकडे बघत होती. आपला बाप असा असू शकतो याचं तिला नवल वाटत असावं.

“आबा बी मले असाच खांदावर लेत,” ती म्हणाली. “मले काही आठवत नही, पन माय सांगस, सारंगखेडानी जत्राले मले आबाच लई गयथात. पाळनामा बसाडं व्हतं म्हने.”

गिरधर थांबला. आता अडवायला कोणी नव्हतं. आबा नव्हते, धुडकू पाटील कधीच जळून राख झाला होता. सगळं सांगता आलं असतं, हंबरणं, नदीचं गार पाणी, घोड्यांच्या बाजारातली तिची झोप. पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. आणि आबांचं नाव घेताना तिचा चेहरा इतका उजळला होता, की तो आनंद तिच्याकडून काढून घ्यायचा कसा?

“हा,” तो म्हणाला. “आबाच लई गयथात.”

“आनि तुम्ही, भाऊ? तुम्ही नही उनात जत्राले?”

गिरधरनं नातवाचे पाय घट्ट धरले.

“मी बैल दखाले गयथू,” तो म्हणाला.